हात चुकत होता तोवर

आमच्या कमलबाईला हात लावल्याशिवाय काही खरंच वाटत नाही. टरबूज घ्यायला बसली की विकणारा वैतागतो, इतकी थापटत बसते. मिरची वाळली का हे ती मुठीत दाबून ठरवते, पपई पिकली का हे अंगठ्याने, आणि माणसाशी बोलायचं तर आधी त्याचा दंड धरते, मग तोंड उघडते. मी लग्न होऊन या घरात आले त्या दिवशी तिने माझं तोंड दोन्ही तळव्यांत धरलं आणि सासूबाईंना सांगितलं, ही पोर सकाळपासून उपाशी आहे. होतेच मी उपाशी. ती माझी मोठी जाऊ. मी तिला बाई म्हणते, भांडण असलं तरी बाईच म्हणते, आणि भांडणं आमची पुष्कळ झाली.

आमची दोन्ही घरं प्रकाशा गावात, तापीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, एकमेकांना चिकटून. मधली भिंत एकच. तिने भाकरी थापली तरी मला इकडे ऐकू येते, त्यामुळे आमच्यात लपवाछपवीला जागा नाही. थोरले दीर उखाभाऊ हे शेतातले माणूस. केळीशी आणि उसाशी बोलत असतील तेवढेच, घरात त्यांचा आवाज निघत नाही. मुलं दोन. रोहिणी मोठी, ती सुरतेला दिलेली. नवनीत धाकटा, तो पुण्याला कंपनीत.

कंपनी कसली, तर चष्म्यांची. साधे चष्मे नव्हेत. डोळ्यांवर चढवले की तुमची खोली तुम्हाला दिसतेच, शिवाय त्या खोलीत नसलेली वस्तूही मांडून ठेवल्यासारखी दिसते. टेबलावर नसलेला पंप, भिंतीवर नसलेली तार. कारखान्यातल्या लोकांना काम शिकवायला म्हणे. मी त्याला म्हटलं होतं, अरे, असलेल्या वस्तू बघायला लोकांना वेळ नाही आणि तू नसलेल्या दाखवत हिंडतोस. हसला मेला. तेव्हा हसण्यासारखंच होतं सगळं.

गेल्या वर्षी आखाजीला रोहिणी माहेरी आली होती. बाकीचे लोक अक्षय्य तृतीयेला सोनं घेतात, आमच्या खानदेशात त्या दिवशी लेकी येतात. घरोघरी झोके टांगतात, पोरी गौराईची गाणी म्हणतात. आणि त्याच दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. लेकींनाही तोच दिवस आणि मेलेल्यांनाही तोच. नवनीतने ओसरीतल्या झोक्यावर बहिणीला बसवलं, हलू नको म्हणून दम दिला, आणि मोबाईल धरून तिच्याभोवती फेऱ्या मारायला लागला. वरून, खालून, पाठीमागून. असं केलं की माणसाचा नुसता फोटो येत नाही, सगळीकडून भरलेला अख्खा माणूस येतो, असं त्याचं म्हणणं. रोहिणीला हसू आवरेना. मध्येच तिने माशी उडवली, त्यामुळे त्या चित्रात तिच्या उजव्या हाताची बोटं एकमेकांत मिसळलेली आली. नवनीत म्हणाला पुन्हा काढू. ती म्हणाली नंतर काढ, सांजोऱ्या गार होतात, आणि उठून गेली.

भाद्रपदात तिला डेंग्यू झाला. सुरतेहून जावयाचा फोन आला की दवाखान्यात ठेवलंय, लवकर या. आम्ही गाडीत बसेपर्यंत दुसरा फोन आला. बाईने तो फोन ऐकला, परत घरात गेली, आणि कपाटातून पोपटी साडी घेऊन आली. दिवाळीसाठी म्हणून तिने ती आधीच आणून ठेवली होती. आमच्यात सवाष्ण लेक गेली की तिच्या अंगावर शेवटी माहेरची साडी घालतात, आणि ती आईने घालायची असते. सगळ्या वाटेत ती साडी तिच्या मांडीवर होती. नवापूरच्या पुढे घाटात ट्रक आडवा झालेला, पुढे गाड्याच गाड्या, मागे जायला वाट नाही. तिकडचे लोक थांबले, फार थांबले, मग दिवस मावळायच्या आत न्यायला हवं म्हणाले. आम्ही पोचलो तेव्हा घर धुऊन झालं होतं आणि जावई उंबऱ्यावर बसून रडत होता. शिव्या द्यायच्या तर कोणाला द्यायच्या?

अस्थीही तिथेच तापीत सोडल्या. दूरदूरचे लोक आमच्या प्रकाशाच्या घाटावर येतात आपल्या माणसाचं शेवटचं करायला, आणि आमची लेक काही आमच्या घाटावर आली नाही. तापी इथून सुरतेला जाते. तिकडचं पाणी इकडे येत नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला कमलबाई एकच गोष्ट सांगायची. काय झालं, कसं झालं, ताप किती होता, यातलं काही नाही. दंड धरायची आणि म्हणायची, “मी तिले हात नही लावा वं. मी पोचनूच नही.” रडायची मात्र नाही. बायका माझ्याकडे येऊन म्हणायच्या, तिला रडवा, नाहीतर डोक्यावर परिणाम होईल. रडवा म्हणे. पण काय झालं होतं ते मला कळत होतं. सगळ्यांनी सांगितलं म्हणून तिने मान हलवली होती, पण तिच्या हाताला कोणी काही सांगितलं नव्हतं. एकदा हात लावायचा होता तिला, दुसरं काही नको होतं.

संक्रांतीला नवनीत आला तो बॅगेत चष्मा घेऊन. माझ्यापाशी आला आधी. म्हणाला, काकी, रोहिणीताईचं ते झोक्यावरचं आहे माझ्याकडे, मायला दाखवू का? मी त्याला उभा-आडवा झापला. आईच्या जखमेवर खेळ करतोस का म्हटलं. तो खाली मान घालून ऐकत होता, आणि आतून बाईने सगळं ऐकलं होतं, एकच भिंत ना. ती बाहेर आली आणि म्हणाली दाखव.

तिला ओसरीत स्टुलावर बसवलं. चष्मा चढवला. मला वाटलं आता किंचाळेल. तिने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, “बारीक व्हई गयी मन्ही अंडेर.” आमच्याकडे लेकीला अंडेर म्हणतात. मग तिचा हात पुढे गेला. गेला आणि मध्येच थांबला. फडताळात वरच्या फळीवरचा डबा चाचपावा तसा हवेत चाचपला. म्हणाली, अजून थोडी मागे आहे. हात आणखी पुढे नेला, आणि म्हणाली, नाही, हात तिच्या मागे गेला. परत आणला, परत चुकला. चुकत होता तरी ती थांबेना. शेवटी नवनीतनेच चष्मा काढून घेतला.

तिला वाईट वाटू नये म्हणून तो समजावायला लागला. म्हणाला, माय, तुझा दोष नाही, या चष्म्यात हाताशी असलेल्या वस्तूंचीच सगळ्यात जास्त फसगत होते. लांबचा डोंगर दाखवला आणि तो थोडा इकडेतिकडे झाला तर कोणाला कळतही नाही. पण हातभर अंतरावरचं बघायला दोन्ही डोळे आत वळतात, आणि काच मात्र उजेड भलत्याच अंतरावर धरून ठेवते. डोळ्यांचं एक म्हणणं, काचेचं दुसरं. त्यात आपण हात पुढे केला की एरवी हातामागचं झाकलं जातं, इथे उलट होतं, चित्रच हातावर चढतं, आणि मन समजतं की हात मागे गेला. त्यांच्या ऑफिसात लोकांना टेबलाशी बसवून विचारतात की दिसणारी वस्तू जिथे आहे तिथे टेबलाखालून बोट धरा. शिकलेल्या साहेबांचं बोटही कोणाचं अलीकडे, कोणाचं पलीकडे. आणि उठून जवळ जाऊ नको म्हणाला, फार जवळ गेलं की चित्र आपोआप विझतं.

मीही घातला तो चष्मा, खोटं कशाला बोलू. समोर रोहिणी. आंबा रंगाची साडी, हसू दाबलेलं, डाव्या मुठीत दोरी धरलेली. दोरी मुठीच्या वर विरून गेलेली आणि खाली फळी नाहीच, कारण झोका आम्ही सुतकातच उतरवून ठेवला होता. पोर अधांतरी बसली होती. माझा हात आपसूक पुढे गेला आणि अलीकडेच थांबला, आणि मी चष्मा असा काढला की तो पडता पडता राहिला. उखाभाऊंना नवनीतने विचारलं. त्यांनी नांगरटीचं काहीतरी निमित्त सांगितलं आणि शेतात निघून गेले.

चष्मा बाईपाशी ठेवून नवनीत पुण्याला गेला. दुपारची भांडी झाली की ती स्टूल ओढायची आणि बसायची. मी ओट्यावरून बघायचे. रोहिणीशी बोलायची, इकडचं तिकडचं. गल्लीतल्या धनुबाईच्या सुनेला मुलगा झाला, कापसाला यंदा बोंड कमी. आणि मध्ये मध्ये हात पुढे. चुकायचा. मग स्टूल थोडं सरकवून पुन्हा. संध्याकाळी मला येऊन सांगायची की आज अगदी बोटभर राहिली. तुम्हाला हे ऐकून कसंतरी वाटेल, मलाही वाटायचं. पण ती पुन्हा जेवायला लागली होती, वेणी घालायला लागली होती. गावात बोलणारे बोलले. धनुबाई माझ्या दारात येऊन म्हणाली की कमलला बाहेरचं काही झालंय, कोणाला तरी दाखवा. मी म्हटलं, आधी तुझी जीभ दाखव कोणाला तरी. परत आली नाही महिनाभर.

तरी एक दिवस मला राहवलं नाही. मी विचारलंच, बाई, ते चित्र आहे हे तुला कळतं ना? ती चिडली. मला काय वेडी समजतेस का म्हणाली. मग माझा दंड धरला, आवाज खाली आणला, आणि म्हणाली, “माले समदं समजस. पण मन्हा हात चुकस ना? मंग तठे काय शे नि काय नही, ते कसं सांगशी तू?”

तिथे काय आहे आणि काय नाही, हे मला विचारत होती. मीही हात चुकवूनच बसले होते. जिथे हात पोचलाच नाही तिथे काही नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी चहा टाकायला उठले.

आखाजी जवळ आली तशी ती पुन्हा गप्प होत गेली. घरात मयत झालेल्या वर्षी सण धरत नाहीत, त्यामुळे झोका नाही, गाणी नाहीत. बरं, घागर तरी भरावी, तर लग्न झालेल्या लेकीची घागर सासरी भरतात. माहेरी भरायची रीत नाही. सुरतेला जावयाने भरली असणार, माणूस चांगला आहे. पण बाई मला म्हणाली की लेक म्हणून तिला बोलवायचं नाही आणि मेलेली म्हणून पाणी द्यायचं नाही, मग मी आखाजीला तिची कोण? मी तिला धरून बसले, दुसरं काय करणार होते.

आखाजीच्या आदल्या दिवशी नवनीत आला. आईचा हात रोज चुकतो हे त्याला फोनवर कळत होतं आणि ते त्याला लागून राहिलं होतं. पोटच्या पोराला आईचं चाचपडणं कसं बघवेल? त्याने ऑफिसात चार लोकांना विचारून विचारून दोन गोष्टी शोधून आणल्या होत्या. आल्याआल्या त्याने पट्टी घेऊन आईच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजलं आणि चष्म्यात भरलं. तोवर तो चष्मा त्याच्या डोळ्यांच्या मापाचा होता. म्हणजे इतके दिवस बाई मुलाच्या डोळ्यांच्या मापाने लेक बघत होती. दुसरी गोष्ट म्हणाला, चित्राच्या जागी एखादी खरी वस्तू ठेवली की डोळा तिला धरतो आणि मग अंतर चुकत नाही. खरी दोरी, खरी फळी. झोका टांगू या.

मी भडकले. वर्ष सरलं नाही, घरात झोका टांगायचा? लोक तोंडात शेण घालतील. पण बाई म्हणाली टांग. आणि उखाभाऊ, जे इतके महिने त्या चष्म्याकडे बघायलाही तयार नव्हते, ते उठले, माळ्यावर चढले, फळी आणि दोर खाली आणले, फडक्याने पुसले आणि स्वतः कडीला गाठ मारली. नवनीत चष्मा घालून खालून सांगत होता, आबा थोडं डावीकडे, थोडं वर, बस. चित्रातली दोरी आणि खरी दोरी एक झाली.

आखाजीच्या दुपारी, वाडवडिलांच्या घागरी पुजून झाल्यावर, त्याने आईला चष्मा चढवला. या वेळी स्टूल दिलं नाही. ती उभी होती. बघितलं तिने आणि तिच्या चेहऱ्यावर किती महिन्यांनी हसू आलं. “आते बसनी,” म्हणाली. आता बसली, नीट, फळीवर. मग ती आत गेली. आम्हाला वाटलं पाणी प्यायला गेली असेल. बाहेर आली तेव्हा हातात ती पोपटी साडी होती, घडी न मोडलेली.

मी नवनीतकडे बघितलं, तो पांढरा पडला होता. त्याने हे धरलंच नव्हतं. आम्हाला तर काय दिसत होतं, रिकामा झोका आणि त्याच्यासमोर साडी उलगडणारी आई. तिने डाव्या हाताने दोरी धरली. हात दोरीवरून खाली खाली आणला, रोहिणीची मूठ जिथे होती तिथपर्यंत. तिथून सरळ खांद्याकडे. चाचपडली नाही, थांबली नाही, अलीकडे नाही, पलीकडे नाही. अगदी लेकीच्या खांद्यावर टाकावी तशी तिने साडी टाकली.

साडी फळीवर पडली आणि फळीवरून घसरून जमिनीवर गेली. तिने वाकून उचलली, पुन्हा त्याच जागी टाकली. पुन्हा पडली. मग तिने उजवा तळवा ठेवला, खांद्यावर, खांद्यावरून पाठीवर, पाठीवरून मांडीवर, आणि तो थेट फळीवर येऊन टेकला. फळी तिने दाबून बघितली. हाताचा पुरा भार देऊन बघितली. झोका हलला तेवढाच.

“नही शे,” ती म्हणाली. “आठे कोनीच नही शे.”

आणि मग ती रडली. भाद्रपदात सुरतेला जे रडायचं होतं ते आमच्या ओसरीत आखाजीच्या दिवशी रडली. गल्लीतल्या बायका धावत आल्या, धनुबाईही आली, पहिली तीच आली आणि तिने बाईचं डोकं मांडीवर घेतलं. नवनीत कोपऱ्यात उभा राहून माय चुकलं माय चुकलं एवढंच म्हणत होता. पोराचं काय चुकलं होतं? त्याने सगळं बरोबर केलं होतं. उखाभाऊंनी झोक्याची गाठ सोडायला घेतली, त्यांना सुटेना, शेवटी त्यांनी विळ्याने दोर कापला.

मला वाटलं झालं आता, मन मोकळं झालं, हळूहळू सावरेल. बायकांनीही तेच म्हटलं. पण नवनीत पुण्याला निघायच्या दिवशी बाईने त्याला हाक मारली. म्हणाली, ते आधीसारखं करून दे. तुझ्या डोळ्यांचं माप घाल, तेच चुकीचं. झोकाबिका काही नको.

त्याने माप बदललं, स्टूल आणलं, चष्मा चढवला. मी दारात उभी होते. बाई बसली. मग हात पुढे केला. हात सरळ गेला आणि एका जागी थांबला. चाचपला नाही. नवनीतने मोबाईलवर चित्राची जागा बघितली, हात नेमका तिथेच होता, आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने चित्र थोडं मागे सरकवलं. हात पहिल्यांदा जरा चुकला, दुसऱ्या खेपेला पुन्हा बरोबर जागेवर. अलीकडे आणलं, तिथेही तेच. मला हळूच म्हणाला, काकी, हात शिकला. एकदा खरी जागा कळली की हात मग डोळ्याचं ऐकत नाही, आपला आपण दुरुस्त होतो. हे पुसून टाकता येत नाही माझ्याच्याने.

बाईने चष्मा काढला. काचेवर तिच्या बोटांचे ठसे उमटले होते, ते तिने पदराने पुसले आणि चष्मा त्याच्या हातात दिला. बॅगेत ठेव म्हणाली, बस चुकेल तुझी. त्याने हात धरला तिचा. तिने तो सोडवून घेतला नाही, पण त्याच्याकडे बघितलंही नाही. रिकाम्या ओसरीकडे बघत लेकाला म्हणाली,

“पहिले हात चुकी ऱ्हायंता, भाऊ. तवय ती व्हती.”